उत्तरेच्या प्रवासाला निघण्यापूर्वी

होळी झाली आणि नागपूरचे ऊन तापू लागले, की गांधीबाग-इतवारीतल्या घराघरांत उन्हाळी सहलीचे बेत सुरू होतात. एके काळी हे बेत चिखलदरा आणि पचमढीवर थांबत. हात थोडा सैल असेल तर काश्मीरपर्यंत जात. आता ते नॉर्वेपर्यंत पोहोचले आहेत. सहल कंपन्या स्कँडिनेव्हियाच्या सहली काढतात, आणि नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मुले आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावून घेतात. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत शिरलेले समुद्राचे पाणी, म्हणजे फ्योर्ड, आणि मध्यरात्रीही न मावळणारा सूर्य यांची ओढ लागावी असाच तो देश आहे.

डॉक्टरला मात्र या बेतांची वार्ता फार उशिरा कळते. तिकिटे निघालेली असतात, हॉटेलांचे पैसे भरलेले असतात आणि निघायला आठवडा उरला असताना प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, बाबांना नेलं तर चालेल ना?" त्या वेळी "नाही" म्हणणे डॉक्टरला जड जाते आणि ते ऐकणे घरच्यांना त्याहून जड. म्हणून प्रारंभीच एक सूत्र सांगतो. सहलीचा आराखडा कुटुंबातील सर्वांत अशक्त प्रवाशापासून आखायला घ्यावा, आणि त्याचा आजार कोणापासूनही लपवू नये. पुढचे सारे या सूत्राचा विस्तार आहे.

त्या देशाची प्रकृती

प्रथम एक दिलासा. लेहला गेलेल्या माणसाला विरळ हवेचा जो त्रास होतो, तो नॉर्वेत होत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. नॉर्वेतील सर्वांत उंच शिखरच २,४६९ मीटरचे आहे, आणि प्रवाशांचा बहुतेक वावर समुद्रसपाटीजवळ असतो. पाण्याचीही काळजी नको; नळाचे पाणी निर्धास्त पिता येते.

तेथे शरीराची परीक्षा होते ती वेगळ्या चार गोष्टींनी : ओला गारवा, न संपणारा किंवा न उगवणारा दिवस, पायी चालणे, आणि औषधोपचाराचा खर्च. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर असते; त्याच दिवसांत नॉर्वेच्या किनाऱ्यावर दहा-पंधरा अंश तापमान, वारा आणि पावसाची रिपरिप असू शकते. बर्गन या सुंदर बंदरात वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. एका दिवसात तीस अंशांचा हा फरक तरुण शरीर पेलते. दमेकऱ्याला, हृदयरोग्याला आणि सत्तरीच्या माणसाला त्याची तयारी करावी लागते.

लपवलेला आजार

गेल्या काही वर्षांतील दोन रुग्णांची हकिगत सांगतो. ओळख पटू नये इतका तपशील बदलला आहे.

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी. मुलगा ऑस्लोत, मे महिन्याची तिकिटे काढायच्या बेतात. "आईला काही नाही, नुसती तपासून घ्या," असे सांगून तो बाहेर बसला. मी आजींना जिना चढताना काय होते ते विचारले. त्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा थांबा लागते. पण पोराले नका सांगू डॉक्टरसाहेब, नाही तं तो मले नेनार नाही." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण झाला होता आणि त्यातून नकळत रक्त जात होते. त्यांच्या संमतीने मुलाला सांगितले. मेचा बेत ऑगस्टवर गेला, व्रणावर उपचार झाले, लोहाची भर घातली, आणि आजी हिमोग्लोबिन अकरा झाल्यावर गेल्या. मध्यरात्रीचा सूर्य त्यांना दिसला नाही, कारण ऑगस्टमध्ये तो मावळू लागतो. फ्योर्ड मात्र त्यांनी बोटीच्या डेकवर उभे राहून पाहिला. मे महिन्यात त्या गेल्या असत्या, तर रक्तस्राव परदेशातील एखाद्या रुग्णालयात उघडकीस आला असता.

वृद्ध माणसे आजार लपवतात ते मागे राहण्याच्या भीतीने. म्हणून तपासणीपूर्वीच त्यांना सांगावे, की आजार निघाला तर सहलीची तारीख बदलेल, सहल रद्द होणार नाही. ही हमी मिळाली की बहुतेक आईवडील खरे बोलतात. तपासणीच्या वेळी काही क्षण त्यांना डॉक्टरांजवळ एकटे सोडावे, हेही महत्त्वाचे.

दुसरी हकिगत उलट्या दिशेची. एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. प्रवास विम्याच्या अर्जात 'पूर्वीचे आजार' हा रकाना होता. "रिकामा सोडा, हप्ता वाचेल," असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. मी त्यांना एवढेच विचारले, की छातीत दुखून रुग्णालयात न्यावे लागले, तर तुमच्या पिशवीतील ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या काय सांगतील? परदेशातील डॉक्टर जुना आजार नोंदवतोच, कारण उपचारासाठी त्याला तो कळलाच पाहिजे. ती नोंद विमा कंपनीपुढे जाते आणि माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. गृहस्थांनी रकाना भरला, हप्ता वाढला, सहल सुखरूप झाली. तो वाढीव हप्ता वाया गेला असे त्यांना आजही वाटत नाही.

नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळे व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा असतो. ही रक्कम व्हिसापुरती पुरेशी आहे. साठीपुढील प्रवाशाने तेवढ्यावर थांबू नये. पर्यटक म्हणून आलेल्या भारतीयाला तेथील सरकारी आरोग्यसेवा मोफत नाही, आणि अतिदक्षता विभागातील काही दिवसांचा खर्च मोठा असतो. पॉलिसी घेताना तीन प्रश्न विचारावेत : जुन्या आजारातून उद्भवलेल्या आणीबाणीला संरक्षण आहे का; वयाची मर्यादा कोणती; आणि रुग्णाला भारतात परत आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का. उत्तरे तोंडी घेऊ नयेत, पॉलिसीच्या कागदावर पाहावीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. म्हणजे वैद्यकीय तपासणीलाही पुरेसा वेळ असतो. आपणच तो दवडतो.

औषधांची पिशवी

नेहमीची औषधे पूर्ण प्रवासाला पुरतील एवढी आणि वर आठवड्याची जास्तीची घ्यावीत. ती सर्व हातातील सामानात ठेवावीत. चेक-इन केलेली बॅग उशिरा पोहोचू शकते, आणि विमानाच्या पोटातील थंडीने इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये. गोळ्या मूळ वेष्टनातच असाव्यात. सात कप्प्यांच्या डबीत ओतलेल्या रंगीत गोळ्या विमानतळावरील अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्यावे. त्यात आजारांची नावे, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक असावा. आपल्या ब्रँडची नावे तेथील औषध दुकानदाराला ठाऊक नसतात. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या आपल्याकडच्या अनेक गोळ्या तेथे मिळतही नाहीत, आणि चिठ्ठीवाचून प्रतिजैविके मुळीच मिळत नाहीत. हृदयरोग्याने शेवटच्या ईसीजीची प्रत, पेसमेकर असलेल्याने त्याचे कार्ड आणि इन्सुलिन घेणाऱ्याने सुयांचा उल्लेख असलेले पत्र सोबत ठेवावे. या साऱ्याची छायाचित्रे दोघांच्या फोनमध्ये असावीत. एकाच फोनमध्ये असतील तर फोन हरवला की तीही गेली.

एक सावधगिरी विशेष. झोपेच्या व चिंतेवरच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या, ट्रॅमाडॉल आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आपल्याकडे अनेक घरांत असतात. नॉर्वेत ती अमली औषधांच्या वर्गात मोडतात. रुग्णाच्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी नसताना किंवा गरजेपेक्षा अधिक साठा घेऊन ती नेऊ नयेत. शेजाऱ्याने "झोप येत नसेल तर असू द्या" म्हणून दिलेली पट्टी तर अजिबात नको.

न मावळणारा सूर्य

नागपूर एकविसाव्या अक्षांशावर आहे, ट्रोम्सो एकोणसत्तराव्या अंशाच्याही पलीकडे. तेथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वैदिक ऋचांतील दीर्घ उषेच्या वर्णनावरून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचा सिद्धान्त मांडला होता. संशोधकांनी तो पुढे मान्य केला नाही. पण महिनोन्महिने चालणारा दिवस कसा असेल, याचा विचार मराठी माणसाने फार पूर्वी केला होता.

त्या उजेडात शरीराचे घड्याळ गोंधळते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन स्रवते आणि झोप येते. अंधारच पडला नाही तर झोप लांबते. खोलीचे जाड पडदे पूर्ण ओढावेत, डोळ्यांवर पट्टी बांधावी, झोपण्यापूर्वी दोन तास उजेडात फिरणे टाळावे. निरोगी माणसाला दोन-तीन जागरणांनी थकव्यापलीकडे काही होत नाही. ज्यांना उन्माद व नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार आहे, त्यांना मात्र झोपमोडीतून उन्मादाचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्यावाचून ऐन उन्हाळ्यात आर्क्टिक वृत्तापलीकडे जाऊ नये. फिटचा विकार असलेल्यांनीही झोपेबाबत हीच दक्षता घ्यावी.

आमच्या भागातील अनेक जैन कुटुंबे सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि रात्री पाणीही वर्ज्य करतात. जेथे सूर्यास्तच नाही, तेथे नियम कसा पाळावा हे त्यांनी आपल्या गुरुजनांना विचारावे. तो माझा अधिकार नाही. वैद्यकीय बाजू एवढीच सांगतो, की मधुमेह्याने जेवण आणि औषध यांची सांगड आकाशाशी न घालता घड्याळाशी घालावी. "अजून उजेडच आहे" म्हणून जेवण पुढे ढकलले आणि गोळी मात्र ठरल्या वेळी घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. उन्हाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. दिवसातून एकदाच घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना एवढ्या फरकाने बाधा येत नाही. इन्सुलिनचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी लिहून घ्यावे. दिवसभर चालण्यानेही साखर उतरते, तेव्हा खिशात ग्लुकोज हवेच.

गारवा, बर्फ आणि गोचीड

एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे : आत अंगालगत लोकरीचा, मध्ये ऊबदार, बाहेर वारा-पाऊस अडवणारा. अंगालगतचा सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अंगातील ऊब काढून घेतो. दमेकऱ्याने नाका-तोंडावरून मफलर घ्यावा आणि इनहेलर आतल्या खिशात ठेवावा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयरोग्याने भरपेट जेवून लगेच थंड वाऱ्यात चढण चढू नये. रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र कडाक्याच्या थंडीत चुकते किंवा बंद पडते, तेव्हा ते अंगालगत ठेवावे.

हिवाळ्यात उत्तर प्रकाश पाहायला जाणाऱ्यांना गोठण्याची भीती वाटते. ट्रोम्सोमध्ये उष्ण सागरी प्रवाहामुळे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपासच राहते. अधिक धोका असतो तो गुळगुळीत बर्फावर घसरण्याचा. मनगट आणि खुबा मोडण्याचे ते राजरोस कारण आहे. बुटाच्या तळाला अडकवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या तेथील दुकानांत मिळतात. पन्नाशीपुढील प्रत्येकाने पहिल्याच दिवशी त्या घ्याव्यात.

उन्हाळ्यात गवतातून, झुडपांतून हिंडल्यावर अंगावर गोचीड शोधावी. नॉर्वेच्या दक्षिण किनारपट्टीवर तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा चिगर या सूक्ष्म किड्याच्या चाव्याने केवढा ताप येतो ते नागपूरकरांनी पाहिले आहे. गोचीड दिसल्यास तेल किंवा रॉकेल न लावता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील महिनाभरात त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवून चाव्याची तारीख सांगावी.

बसणे, चालणे, खाणे

नागपूरहून ऑस्लोपर्यंत वाट पाहण्यासह पंधरा-सोळा तास सहज जातात. चार तासांहून लांब बसण्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दर तासा-दीड तासाने उठावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे. पुष्कळ स्त्रिया स्वच्छतागृह टाळण्यासाठी प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही पाठी लागतात. अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांनी आधी सल्ला घ्यावा. विमानात झोपेची गोळी नको.

आता पायांविषयी. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने एकदम प्रेइकेस्टोलेनचा कडा ठरवू नये. ६०४ मीटर उंचीच्या त्या कड्याची जाऊन-येऊन वाट आठ किलोमीटरची आणि दगडांच्या चढणीची आहे. ट्रोलटुंगाची वाट तर दहा-बारा तासांची. दोन महिने आधी गांधीसागरभोवती रोज फेऱ्या सुरू कराव्यात आणि महिन्याभरानंतर रामटेकच्या पायऱ्या चढून पाहाव्यात. तेथे छाती भरून आली, तर नॉर्वेला जाण्यापूर्वी दवाखान्यात यावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनीही खंत करू नये. फ्लोमची रेल्वे वीस किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर उंचीवर नेते, आणि खिडकीतून दिसणारे धबधबे काही कमी सुंदर नसतात.

खाण्याबाबत एक नियम ध्यानात असू द्यावा. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे, खव्याची बर्फी आणि तूप घरीच राहू द्यावे. थेपले, खाकरे, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट नेता येते. मात्र रक्तदाबाच्या रुग्णाने लोणचे, पापड आणि तयार पाकिटांतील भाज्यांवर आठ दिवस काढू नयेत. त्यांतील मिठाने पाय सुजतात. इसबगोलाची डबी विसरू नये.

निघण्याआधी आणि परतल्यावर

तीन महिने आधी : घरातील प्रत्येक मोठ्या माणसाची तपासणी, दातांसह, परदेशात दाढेचा उपचार फार महाग पडतो. तारखा त्यानंतर ठरवाव्यात.

दोन महिने आधी : चालण्याचा सराव, विम्याचा खरा अर्ज, व्हिसा.

एक महिना आधी : फ्लूची लस, धनुर्वाताची लस राहिली असल्यास तीही, आणि डॉक्टरांचे पत्र.

आदल्या आठवड्यात : औषधे मोजून हातातील पिशवीत, चष्म्याची दुसरी जोडी, मुलांच्या तापाच्या औषधाची वजनानुसार लिहून घेतलेली मात्रा.

नॉर्वेत वैद्यकीय आणीबाणीसाठी ११३ हा क्रमांक आहे. प्राणावर बेतलेले नाही पण सकाळपर्यंत थांबवतही नाही, अशा वेळी ११६११७ वर फोन केल्यास जवळच्या तातडीच्या दवाखान्याशी जोडून देतात. त्याला तेथे 'लेगेवाक्त' म्हणतात. हे दोन क्रमांक फोनमध्ये आणि आजी-आजोबांच्या खिशातील चिठ्ठीवरही असावेत.

परत आल्यावर काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर "प्रवासाचा शीण" म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ताप आला तर आपण कोठे जाऊन आलो हे स्वतःहून सांगावे. गर्दीच्या वेळी डॉक्टर ते विचारायला विसरू शकतो. तुम्ही सांगायला विसरू नका.